फाइल अपलोड करण्याआधी: ऑनलाइन कस्टम मॅन्युफॅक्चरिंगमधल्या या चुका टाळा

घरच्या संगणकावर डिझाइन काढायचं, फाइल अपलोड करायची, मटेरियल निवडायचं, पैसे भरायचे, आणि काही दिवसांनी तीच वस्तू खोक्यातून हातात येते. २००७ साली न्यूझीलंडमध्ये पोनोको ही अशी सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये फिलिप्स कंपनीच्या आतूनच शेपवेज उभी राहिली. त्याआधी एका नगासाठी मशीन लावायला कारखाना सहसा तयार नसे. आज लेझर कटिंग, थ्रीडी प्रिंटिंग, सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर हत्याराने मटेरियल कोरणं), पत्र्याचं काम, सर्किट बोर्ड हे सगळं एका नगापासून मागवता येतं. बाजारात मिळेनासा झालेला एखादा सुटा भाग, शिकवण्यासाठी लागणारं मॉडेल, स्वतःच्या हाताच्या मापाची मूठ, अशा गोष्टी सामान्य माणूस बनवून घेऊ शकतो. ही सोय फार मोलाची आहे, आणि म्हणूनच पहिल्या ऑर्डरला हिरमुसून कोणी ती कायमची सोडली की वाईट वाटतं.

हिरमोड का होतो? कारागिरापुढे कच्चं चित्र ठेवलं की तो विचारतो, "हे कुठे बसणार? वजन किती येईल? इथे स्क्रू कसा फिरवणार?" चित्रातल्या निम्म्या चुका त्या दोन मिनिटांत निघून जातात. ऑनलाइन ऑर्डरमध्ये हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. फाइलमध्ये असेल तेच मशीन कापतं. कारागिराचं ते शहाणपण आता आपल्यालाच फाइलमध्ये घालावं लागतं, आणि खालच्या बहुतेक चुका ते न घातल्यामुळे होतात.

हिरवी खूण दिसली म्हणजे डिझाइन बरोबर आहे असं समजणं

फाइल टाकताच किंमत येते आणि शेजारी "तपासणी पूर्ण" असं दिसतं. ही तपासणी भूमितीची असते. आकार बंद आहे का, भिंत किमान जाडीपेक्षा पातळ नाही ना, भाग मशीनमध्ये मावतो का, एवढंच ती पाहते. ब्रॅकेटवर किती वजन टांगणार, झाकण खरंच डब्यावर बसेल का, हे तिला माहीत नसतं. स्क्रूचं भोक भिंतीला इतकं खेटून काढलंय की स्क्रूड्रायव्हर सरळ धरताच येणार नाही, असं डिझाइनही या तपासणीत सहज पास होतं.

सपाट भागांसाठी यावर स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. डिझाइन कागदावर खऱ्या मापात छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा, जोडून पाहा. प्रत्यक्ष वापरणार असलेला स्क्रू, स्विच किंवा मोटर त्यावर ठेवून पाहा. पडद्यावर महिनाभर न दिसलेली चूक पुठ्ठ्यावर लगेच दिसते.

एकक न तपासणं

थ्रीडी प्रिंटिंगसाठी सर्रास वापरला जाणारा एसटीएल फॉरमॅट १९८७ च्या सुमाराचा आहे आणि त्यात एककाची नोंदच नसते. फाइलमध्ये नुसतं "५०" असतं. ते ५० मिलिमीटर की ५० इंच हे समोरचं सॉफ्टवेअर ठरवतं. चुकलं की वस्तू २५.४ पट मोठी किंवा तितकीच लहान होते. सेवा स्वीकारत असेल तर थ्रीएमएफ किंवा स्टेप फाइल द्या. त्यांत एकक सोबत जातं.

लेझर कटिंगच्या एसव्हीजी (रेषाचित्राच्या) फाइलमध्येही हीच गडबड होते. इलस्ट्रेटर हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर एका इंचाला ७२ एकक धरतं. इंकस्केप हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर आधी ९० धरायचं, ०.९२ आवृत्तीपासून ९६ धरतं. त्यामुळे एका ठिकाणी १०० मिमी असलेली पट्टी दुसऱ्या ठिकाणी ७५ किंवा १३३ मिमी होऊन बसते. अपलोडनंतर सेवेच्या पानावर दिसणारी लांबी-रुंदी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. किंमत अनपेक्षितपणे कमी आली तर आनंद होण्याआधी माप बघा.

३ मिमी शीट ३ मिमीचीच असते असं धरणं

लेझर कटिंगमधल्या सगळ्यात जास्त तक्रारी मला इथे दिसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा, प्लायवुडच्या तुकड्यांचा खाचा-टॅबने (टॅब म्हणजे खाचेत शिरणारी जीभ) जुळणारा बॉक्स काढलाय. शीट ३ मिमीची, म्हणून खाच ३ मिमी रुंद काढली. पण "३ मिमी" हे विक्रीचं नाव आहे. प्रत्यक्ष जाडी २.८ भरू शकते, ३.२ सुद्धा. ॲक्रिलिकमध्येही कास्ट (साच्यात ओतलेल्या) शीटची जाडी बरीच वरखाली होते; एक्स्ट्रूडेड (दाबाने ढकलून काढलेली) शीट त्या मानाने एकसारखी असते. शिवाय लेझर स्वतःच्या रुंदीएवढं मटेरियल जाळून टाकतो. याला कर्फ म्हणतात. मटेरियल आणि जाडीनुसार तो साधारण ०.१ ते ०.३ मिमी असतो.

आता हिशेब मांडू. कर्फ ०.२ असेल तर लेझर रेषेच्या दोन्ही बाजूंनी ०.१ खातो. ३ मिमीची खाच ३.२ होते. त्यात २.८ जाडीची शीट बसवायची म्हणजे ०.४ मिमी मोकळी जागा. एका सांध्यात ती खपून जाईल, पण बॉक्सच्या सगळ्या कडांना एवढी ढिलाई आली की तो उभाच राहत नाही. घट्ट सांध्यासाठी इथे खाच २.६ मिमी काढायला हवी होती: खरी जाडी वजा कर्फ. टॅबच्या रुंदीलाही हाच नियम उलट बाजूने लागतो, कारण टॅब बाहेरून खाल्ला जातो. २० मिमीचा टॅब १९.८ होतो आणि त्याची २० मिमीची खाच २०.२.

इथे एक खाचखळगा आहे. काही सेवा कर्फची भरपाई स्वतः करतात. तुम्हीही केली तर ती दोनदा होते आणि तुकडे आत शिरतच नाहीत. सेवेची माहिती वाचा, तिथे नसेल तर विचारा.

आणि मुख्य ऑर्डरच्या आधी एक चाचणी पट्टी मागवा. एका लहान तुकड्यावर २.५ पासून ३.१ मिमीपर्यंत ०.१ च्या फरकाने खाचा काढा, प्रत्येकीशेजारी माप कोरा, सोबत त्याच शीटचा एक सुटा तुकडा घ्या. कोणत्या खाचेत तो बोटाच्या दाबाने बसतो आणि हलत नाही, ते पाहा. तो आकडा त्या सेवेसाठी आणि त्या मटेरियलसाठी वहीत लिहून ठेवा. शीटचा नवा लॉट आला की पुन्हा तपासावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

लेझरच्या इतर चुका थोडक्यात: अक्षरं आउटलाइनमध्ये (म्हणजे नुसत्या आकारांत) न बदलल्यामुळे फॉन्टच बदलतो, एकावर एक दोन रेषा राहिल्या तर तीच जागा दोनदा कापली जाते आणि कड करपते, "०" किंवा "ठ"सारख्या अक्षरांचा आतला भाग जोडणारा पूल न ठेवता आरपार कापला तर तो गळून पडतो.

दिसण्यावरून मटेरियल निवडणं

फोटोत सगळंच छान दिसतं. थ्रीडी प्रिंटिंगमधलं नेहमीचं पीएलए प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा मोबाइल स्टँड त्यात करू नये. रेझिन प्रिंटवर (द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करून केलेल्या) बारकावे सुंदर येतात, पण साधं रेझिन ठिसूळ असतं आणि सूर्यप्रकाशात पिवळं पडत जातं. सतत वाकणाऱ्या क्लिपसाठी ते चालत नाही. त्या कामाला सिंटर्ड नायलॉन (पावडर उष्णतेने जोडून केलेलं) चांगलं, मात्र त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि रंग न केलेल्या नायलॉनवर डाग पटकन धरतात.

लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडेत ताण उरलेला असतो. ती कड अल्कोहोल असलेल्या क्लीनरने पुसली की बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ कापड वापरा. पीव्हीसी लेझरवर कापायला सेवा नकार देतात, आणि ते योग्यच आहे: त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो माणसाला घातक असतो आणि मशीनला गंजवतो. कृत्रिम चामडं अनेकदा पीव्हीसीचंच असतं, म्हणून स्वतःचं मटेरियल पाठवताना ते नेमकं काय आहे याची खात्री हवी.

थ्रीडी प्रिंटमध्ये दोन भागांना जागाच न ठेवणं

डब्याचं तोंड बाहेरून ४० मिमी आणि झाकण आतून ४० मिमी, असं डिझाइन पडद्यावर अचूक जुळतं. प्रत्यक्षात सिंटर्ड नायलॉनमध्ये ±०.३ मिमी फरक नेहमीचाच. एक भाग मोठा आणि दुसरा लहान आला की झाकण बसणार नाही. फिरणाऱ्या किंवा सरकणाऱ्या भागांत दोहोंमध्ये साधारण ०.५ मिमी जागा ठेवा, आणि सेवेने स्वतःचा आकडा दिला असेल तर तोच पाळा. पोकळ वस्तूला पावडर बाहेर काढायला भोकं द्या, नाहीतर ती आतच अडकून राहते.

एफडीएम प्रिंट (वितळलेल्या प्लास्टिकच्या तारेचं) थरांवर थर चढवून होतं आणि दोन थरांमधला जोड सगळ्यात कच्चा असतो. भिंतीवरचा हुक उभा छापला तर वजन येताच तो थरांच्या रेषेत मोडतो. तोच आडवा छापला तर कितीतरी जास्त टिकतो. अनेक सेवा दिशा स्वतः ठरवतात, त्यामुळे ऑर्डरच्या टिपणीत भार कुठून येणार ते लिहा. प्लास्टिकमध्ये थेट आटे छापण्यापेक्षा पितळी इन्सर्टसाठी (आतून आटे असलेली छोटी नळी) भोक ठेवलं तर स्क्रू अनेकदा काढघाल करूनही टिकतो.

सीएनसी आणि पत्रा: मशीनचं हत्यार विसरणं

मिलिंगचं हत्यार गोल असतं, म्हणून खोबणीच्या आतले उभे कोपरे काटकोनी येत नाहीत. तिथे गोलाई द्या, आणि ती हत्याराच्या त्रिज्येपेक्षा थोडी मोठी ठेवा. चौकोनी भाग आत बसवायचा असेल तर कोपऱ्यात जादा गोल खाच काढा.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या मापांना ±०.०१ मिमी टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, लिहिणं. वेळ आणि पैसा दोन्ही त्यात जातात. आयएसओ २७६८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मध्यम वर्गात ६ ते ३० मिमीच्या मापाला ±०.२ आणि ३० ते १२० मिमीला ±०.३ मिमी सूट असते. बहुतेक कामांना ती पुरते. बेअरिंग बसणार असेल तेवढ्याच मापाला कडक टॉलरन्स द्या. पत्र्यात भोकं वाकापासून लांब ठेवा, नाहीतर वाकवताना ती ओढली जाऊन लांबट होतात.

पहिल्याच ऑर्डरला पन्नास नग

एक नग, मग बदल, मग पुन्हा एक नग. पन्नासची वेळ त्यानंतर येते. जास्त मागवले की प्रति नग फार स्वस्त पडेल ही आशाही दर वेळी खरी नसते. थ्रीडी प्रिंटमध्ये शंभरावा नग मशीनचा जवळजवळ पहिल्याइतकाच वेळ खातो. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये उलट आहे: साचा महाग, पण एकदा झाला की नग स्वस्त. हजारोंत जायचं असेल तर साच्याचा विचार करा, आणि त्यासाठी डिझाइन बहुधा नव्याने करावं लागेल. भिंती एकसारख्या जाडीच्या हव्यात आणि साच्यातून सुटण्यासाठी उभ्या बाजूंना एक-दोन अंश उतार हवा.

खोकं उघडलं आणि काहीतरी चुकलंय

लगेच पॉलिश पेपर घेऊन घासायला बसू नका. घासलेल्या भागाची तक्रार टिकत नाही. आधी डिजिटल कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मापं घ्या, फाइलमधल्या मापांशेजारी लिहा, फोटो काढा. फरक सेवेने जाहीर केलेल्या टॉलरन्सच्या बाहेर असेल तर मुदतीत तक्रार करा. आकडे समोर ठेवले की बोलणं लवकर मिटतं. फरक आत असेल तर दुरुस्ती डिझाइनमध्ये करायची आहे. सगळी मापं एकाच प्रमाणात चुकलेली असतील तर एकक किंवा स्केल तपासा. फक्त भोकं लहान आणि बाहेरची मापं बरोबर असतील तर ती प्रिंटिंगची नेहमीची सवय आहे, पुढच्या वेळी भोक थोडं मोठं काढा. सपाट भाग वाकून आला असेल तर मोठे पातळ पृष्ठभाग टाळा किंवा मागे रिब (उभी आधारपट्टी) द्या.

जिथे थांबायलाच हवं

घरातल्या विजेला थेट जोडलेल्या उपकरणांची आवरणं, लहान मुलांच्या तोंडात जाऊ शकणारी खेळणी, माणसाचा भार पेलणारे भाग, रोज अन्नाला लागणारी भांडी, यांसाठी फाइल आणि हिरवी खूण पुरत नाही. प्रिंटच्या थरांमधल्या फटींत अन्नाचे कण अडकतात आणि ते धुऊन निघत नाहीत. अशा वस्तूंचं मटेरियल आणि रचना प्रमाणित असावी लागते, आणि ती चाचणी सेवा करत नाही. विकायचा विचार असेल तर ही जबाबदारी विकणाऱ्याची, म्हणजे तुमची.

डिझाइन फक्त सेवेच्या खात्यात ठेवणं

जुलै २०२४ मध्ये शेपवेजने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे ती नव्या स्वरूपात पुन्हा उभी राहिली, पण सतरा वर्षं चाललेली सेवाही अचानक थांबू शकते हे त्यातून दिसलं. मूळ संपादन करता येणारी फाइल आणि स्टेप फाइल स्वतःकडे ठेवा. सोबत साध्या मजकुराची एक नोंद असू द्या: मटेरियलचं पूर्ण नाव, मोजलेली जाडी, कर्फ किंवा ठेवलेली मोकळी जागा, फिनिश, छापण्याची दिशा, आणि आवृत्तीनुसार काय बदललं. एवढं हाताशी असलं की दुसऱ्या सेवेकडे एक चाचणी पट्टी मागवून काम तिथून पुढे सुरू करता येतं.