गाडीत मूल असताना धूम्रपान नको: कायद्याची मागणी कागदावर कशी मांडायची

मागच्या सीटवर लेकरू बसलेलं असताना स्वतःच्या गाडीत सिगारेट ओढणाऱ्याला आपला तंबाखूविरोधी कायदा आज हात लावत नाही. हे बदलावं असं वाटणारे पुष्कळ आहेत, पण त्यांची निवेदनं "शासनाने योग्य ती कारवाई करावी" एवढ्यावर संपतात आणि फायलीत पडून राहतात. कोणत्या कायद्यात, कोणत्या कलमात, कोणते शब्द हवेत हे सांगितलं तरच उत्तर देणं भाग पडतं.

आधी पोकळी दाखवा. सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने कायदा, २००३ (सगळे त्याला 'कोटपा' म्हणतात) याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, आणि कलम २१ नुसार दंड २०० रुपयांपर्यंत. कलम ३ मधल्या 'सार्वजनिक ठिकाणा'च्या व्याख्येत सार्वजनिक वाहनं येतात. म्हणजे एसटी, रिक्षा, टॅक्सी आधीच बंदीखाली आहेत. त्यांचा उल्लेख निवेदनात नको. तिथे अंमलबजावणीची तक्रार करायची असते, नव्या कायद्याची मागणी नाही. खासगी मोटारीचं नाव मात्र या व्याख्येत नाही.

इथे हमखास एक चूक होते: "खासगी गाडीलाही सार्वजनिक ठिकाण धरा" अशी मागणी. तिच्या आधाराला सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा सतविंदरसिंग सलुजा निकाल दिला जातो. रस्त्यावरची खासगी गाडी सार्वजनिक ठिकाण ठरू शकते, असं त्यात म्हटलं आहे खरं, पण तो बिहारच्या दारूबंदीच्या कायद्याखाली. त्या कायद्याच्या व्याख्येत मोकळी जागाही येते. कोटपाने ती स्पष्टपणे वगळली आहे. शिवाय हा मार्ग धरला तर गाडीत एकटा बसून ओढणाराही बंदीत येतो आणि विरोध विनाकारण दुप्पट होतो. आपल्याला मुलाचं संरक्षण हवं आहे, तेव्हा कलम ४ नंतर स्वतंत्र नवं कलम मागा. मजकूर साधारण असा: "अठरा वर्षांखालील व्यक्ती बसलेली असताना कोणत्याही बंदिस्त मोटार वाहनात, ते चालू असो वा उभे, काचा उघड्या असोत वा बंद, कोणीही धूम्रपान करणार नाही."

यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या देशाच्या अनुभवावरून घेतला आहे. वय आधी पाहा. संयुक्त अरब अमिरातीत मर्यादा १२ वर्षांची आहे, दक्षिण ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये १६ धरली, इंग्लंड-वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ आहे. आपल्याकडे १८ च मागा, कारण कोटपाच्या कलम ६ मध्ये तंबाखूविक्रीसाठी तेच वय आहे आणि एकाच कायद्यात दोन वयं असली की वाद वाढतात. 'काचा उघड्या असोत वा बंद' हे शब्द गाळू नका. काच खाली केली की धूर कमी होतो, जात नाही. सिग्नलला गाडी थांबली की वाराही थांबतो, आणि किती काच उघडी होती हे पोलिसाला नंतर सिद्ध करता येत नाही. टप पूर्ण उघडलेली गाडी इंग्लंडने वगळली आहे. 'बंदिस्त' या शब्दाने ते काम होतं. कोटपातल्या धूम्रपानाच्या व्याख्येत विडी, चिरूट, हुक्का सगळं येतं, पण ती तंबाखूशी बांधलेली आहे. ई-सिगारेटच्या द्रवात तंबाखूचं पान नसतं, म्हणून ती वेगळी लिहावी लागेल. इंग्लंडच्या नियमातून ती सुटली. न्यूझीलंडने २०२१ मध्ये सुरुवातीपासूनच घेतली.

दंड कोणाला, हा सगळ्यांत नाजूक भाग. इंग्लंडमध्ये ओढणाऱ्याबरोबर त्याला न रोखणारा चालकही जबाबदार धरला जातो. हे जसंच्या तसं उचलू नका. आपल्याकडे असंख्य गाड्या पगारी ड्रायव्हर चालवतात, आणि मागे बसलेल्या मालकाला "साहेब, विझवा" म्हणणं त्याच्या नोकरीवर येऊ शकतं. दंड ओढणाऱ्याला, आणि चालकाला तो स्वतः गाडीचा मालक किंवा मुलाचा पालक असेल तरच, असं स्पष्ट लिहा. पहिल्या वेळी दंडाऐवजी लेखी ताकीद आणि सोबत राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक (१८००-११-२३५६) द्यावा, अशी तरतूदही सुचवा. व्यसन सुटायला हवं आहे, घरातले दोनशे रुपये जाऊन मुलाचं काही भलं होत नाही.

"माझी गाडी, माझी मर्जी" हा आक्षेप येणारच. त्याला उत्तर मोटार वाहन कायद्यातच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४ब: चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसनाविना नेलं तर १००० रुपये दंड. मुलासाठी खासगी गाडीत शिरणं कायद्याला नवं नाही. ही एक ओळ निवेदनात ठळक असू द्या.

आकड्यांबाबत फार जपा. "गाडीतला धूर २३ पट विषारी" हे वाक्य जगभर फिरतं. २०१० मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा माग काढला गेला तेव्हा त्यामागे कसलंच संशोधन सापडलं नाही. असा एक आकडा पकडला गेला की बाकीचं खरंही खोटं ठरतं. स्वतः मोजून दाखवायचं असेल तर पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) मोजणारं छोटं यंत्र मागच्या सीटवर मुलाच्या नाकाच्या उंचीला ठेवा. गाडीत मूल अर्थातच नको. १० मिनिटं नुसती हवा मोजा, मग पुढच्या सीटवर, काच अर्धी खाली ठेवून, एक सिगारेट, आणि एकूण ३० मिनिटं नोंद. पावसाळ्यात दमट हवेने ही स्वस्त यंत्रं आकडा फुगवतात, म्हणून कोरडा दिवस निवडा आणि "किती मायक्रोग्रॅम" न सांगता "आधीच्या किती पट" ते सांगा. भारताची ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे. दहा मिनिटांच्या उच्चांकाशी तिची तुलना केलीत तर जाणकार तिथेच अडवेल.

कोटपा संसदेचा कायदा आहे, त्यामुळे बदल देशभर हवा असेल तर आमदारापेक्षा खासदाराकडे जाणं योग्य. निवेदन आपल्या खासदारांना आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला द्या, दोन पानांच्या आत, पोच घेऊन. खासदारांकडे नेमकी मागणी करा: या विषयावर अतारांकित प्रश्न विचारावा. त्याचं उत्तर लेखी येतं आणि नोंदीत राहतं.

सोबत १० रुपये शुल्क भरून मंत्रालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. मंत्रालयाने कोटपाच्या दुरुस्तीचा मसुदा जानेवारी २०२१ मध्ये हरकतींसाठी खुला केला होता. त्यात विक्रीचं वय २१ करण्याचा आणि दंड २००० रुपयांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता. त्या मसुद्यावर खासगी वाहनांतल्या मुलांविषयी सूचना आल्या का, आल्या असतील तर त्यांवर काय शेरा मारला गेला, आणि मसुदा आज कोणत्या टप्प्यावर आहे, एवढे तीनच प्रश्न विचारा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. जे उत्तर येईल ते, "माहिती उपलब्ध नाही" असलं तरी, पुढच्या निवेदनाला जोडा.