दमट हवेत सिरॅमिक कोटिंग: किनारपट्टीवरच्या गाडीसाठी

गाडीच्या रंगावर चढवायचं सिरॅमिक कोटिंग नाशिकला डिसेंबरात लावलेलं आणि रत्नागिरीत, पणजीत किंवा ठाण्यात पावसाच्या तोंडावर लावलेलं कोटिंग, बाटली एकच असली तरी हाताखाली वेगळं वागतं. ते उन्हाने वाळत नाही, हवेतल्या बाष्पाने धरतं. आतला द्रावक उडून जातो आणि मागे राहिलेली सिलिकायुक्त रसायनं बाष्पाशी प्रक्रिया करून काचेसारखा पातळ थर बनवतात. हवा जितकी दमट तितका हा थर लवकर घट्ट होतो, आणि पत्रा गरम असेल तर द्रावकही लवकर उडतो. लावल्यावर कपड्याने पुसण्याआधी ‘दोन-तीन मिनिटं थांबा’ असं बाटलीवर छापलेलं असतं ते साधारण २० ते २५ अंश तापमान आणि मध्यम आर्द्रता गृहीत धरून. किनारपट्टीवर तेवढं थांबलात तर कपडा पुढे सरकेनासा होतो आणि पट्टे तसेच बसतात. म्हणून इथे हात छोट्या भागावर, पातळ आणि भरभर चालायला हवा.

आधी अपेक्षा ठरवून घ्या. कंपनीतून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन असतात, त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉन, बऱ्याचदा त्याहूनही कमी. बाटलीवरचं ‘९एच’ हे पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे. त्याचा अर्थ ओरखडे पडणार नाहीत असा होत नाही. महामार्गावर उडालेली खडी, सोसायटीत दुसऱ्याच्या दाराचा बसलेला ठोकर, खालून धरणारा गंज, यातलं काहीच ते थांबवत नाही. चिखल आणि काजळी घट्ट बसू न देणं, गाडी धुणं सोपं करणं, उन्हाने आणि पक्ष्यांच्या विष्ठेने होणारी झीज लांबवणं, हे काम मात्र ते चांगलं करतं. दहा वर्षांची हमी ऐकून पैसे मोजू नका. उघड्यावर उभ्या असणाऱ्या गाडीवर दोन-तीन वर्षं नीट टिकलं तरी ते कोटिंग चांगलं निघालं म्हणायचं.

कधी आणि कुठे

ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे. मे महिन्यात सावलीतलाही पत्रा तापलेला असतो, आणि उन्हातून आणलेल्या काळ्या गाडीच्या बोनेटवर तर हात ठेववत नाही. अशी गाडी सावलीत दोन तास उभी करा, बोनेट उघडं ठेवून इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि काम पहाटे सुरू करा. तळहात पत्र्यावर निवांत ठेवता आला पाहिजे. ३० अंशांच्या वर असलेल्या पत्र्यावर कोटिंग लावू नका.

पावसाळ्यात लावायचंच असेल तर बंद गॅरेज हवं. जुलैत किनाऱ्यावर आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा वेळी एक गोष्ट हटकून नडते: गाडीचा एसी लावून आल्यावर पावसाळ्यात काच बाहेरून धुरकटते, तसंच पत्र्याचंही होतं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर २५ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. डोळ्याला ते दिसत नाही, पण त्यावर लावलेलं कोटिंग दुधट, ढगाळ होतं. म्हणून गाडी एसी चालवत आणून लगेच कामाला लागू नका. पत्रा खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ भिंतीला लावून ठेवा. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर खोलीत आर्द्रताशोषक यंत्र किंवा एसी चालवून ती खाली आणा, जमत नसेल तर काम पुढे ढकला. फरशीवर पाणी साचलेलं असताना पंखे लावले तर आर्द्रता उलट वाढते. आधी फरशी कोरडी करा.

धुणं, निवळणं, घासणं

एकूण वेळेतला तीन चतुर्थांश वेळ इथेच जातो, आणि तो जायलाच हवा. कोटिंग खाली जे असेल ते बंदिस्त करून टाकतं. ओरखडे असतील तर ओरखडे, मेण असेल तर मेण.

आधी फोम मारून पाच मिनिटांनी जोराच्या पाण्याने चिखल सोडवा. मग दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची, दोन्हींच्या तळाला जाळी. मायक्रोफायबरचा हातमोजा टपापासून खाली, सरळ रेषेत फिरवा आणि प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात झटका. दाराचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, वेगळ्या मोज्याने.

गाडी ओली असतानाच लोखंडकण काढणारं द्रावण फवारा. ब्रेकची धूळ आणि रेल्वेरुळांजवळच्या हवेतले बारीक लोखंडकण क्लिअर कोटमध्ये रुतून बसतात. द्रावण त्यांच्यावर पडलं की जांभळे ओघळ येतात. लोकलच्या रुळांना लागून उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीवर हे ओघळ पाहिले की कोटिंगआधी ही पायरी का गाळू नये ते कळतं. तीन ते पाच मिनिटं थांबा, वाळू मात्र देऊ नका. नवीन डांबराचे ठिपके डांबर काढणाऱ्या द्रावणाने काढा. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो. मग क्ले बार (रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) भरपूर शाम्पूपाण्यावर हलक्या हाताने फिरवा. प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून पत्र्यावरून बोटं फिरवली तर उरलेली खरखर लगेच जाणवते. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्या.

पॉलिश किती करायचं ते टॉर्चखाली ठरवा. सोसायटीत रोज सकाळी एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात. टॉर्चभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे गोल ओरखडे बहुतेक त्या फडक्याचे असतात. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल फिरवतानाच झुलवणारं), पाच इंची मऊ फोम पॅड, त्यावर वाटाण्याएवढे चार ठिपके पॉलिश. दीड फूट बाय दीड फूट भाग, वेग चार ते पाच, आडवे-उभे मिळून चार फेरे. आपल्या उकाड्यात पॉलिश लवकर सुकून पीठ होतं. पॅडवर पाण्याचा एक फवारा मारला की ते पुन्हा चालतं. बॉडीच्या धारा आणि कडा मास्किंग टेपने झाका, तिथे रंग सर्वांत पातळ असतो. खोल ओरखडा पूर्ण घालवायच्या हट्टाला पेटू नका. क्लिअर कोट एकदा गेला की तो परत येत नाही. गॅरेजात नुकताच रंगवलेला भाग असेल तर किमान महिनाभर थांबा, नव्या रंगातला द्रावक बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

शेवटी तेल काढणं. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली आणि डिस्टिल्ड पाणी २५० मिली मिसळलं की सुमारे २० टक्क्यांचं मिश्रण होतं. प्रत्येक भाग एका कपड्याने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कपड्याने. पॉलिशमधलं तेल जिथे राहिलं तिथे कोटिंग धरत नाही, आणि पहिल्याच पावसात तेवढ्या भागावर पाणी थेंब न होता पसरतं. यानंतर उघड्या हाताने पत्र्याला स्पर्श नाही.

कोटिंग

छोट्या किंवा मध्यम गाडीला ३० मिली पुरतं, मोठ्या एसयूव्हीला ५० मिली घ्या. सोबत नायट्राइलचे हातमोजे, द्रावकाची वाफ अडवणारा मास्क, कोटिंग पसरायला तीन-चार स्वेडचे (मऊ, लवदार कापडाचे) तुकडे आणि आखूड लवीचे किमान दहा मायक्रोफायबर. खोलीत हवा खेळती हवी, पण पंख्याचा झोत पत्र्यावर नको.

स्वेड ठोकळ्याला गुंडाळून सुरुवातीला दहा-बारा थेंब, पुढच्या भागांना पाच-सहा. थेंब टाकले की बाटलीचं झाकण तिथल्या तिथे बंद करा. उघडी राहिलेली बाटली हवेतलं बाष्प ओढत राहते, तोंडाशी पांढरे खडे धरतात, आणि त्यातला एखादा खडा स्वेडवर आला की नुकत्याच पॉलिश केलेल्या बोनेटवर ओरखडा ठरलेला. अर्धी वापरलेली बाटली पुढच्या वर्षीसाठी ठेवण्यात इथे अर्थ नाही.

एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन. आधी आडवं, मग उभं, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढलेली. मग तिरक्या टॉर्चखाली बघत राहा. पाण्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे रंग उमटतात आणि काही क्षणांत त्यांचे बारीक थेंब होऊ लागतात. पुसायची वेळ तीच. किनारपट्टीच्या हवेत बऱ्याचदा ती ३० ते ६० सेकंदांत येते. घड्याळापेक्षा या रंगांवर विश्वास ठेवा, आणि सुरुवात बोनेटवरून न करता दाराच्या खालच्या कोपऱ्यावर करून त्या दिवसाची वेळ ओळखून घ्या. पहिला कपडा दाब न देता जास्तीचं उचलायला, दुसरा चमक आणायला. कपडा अडखळू लागला तर तो भरला आहे. दर दोन भागांनंतर पहिला कपडा बदला. भरलेले कपडे धुऊन गाडीला परत वापरू नका, सुकलेलं कोटिंग त्यांच्यात काचेच्या चुऱ्यासारखं बसलेलं असतं.

पुढच्या भागाला हात घालण्याआधी झालेला भाग तीन कोनांतून टॉर्च मारून बघा. कुठे गडद डाग किंवा पट्टा राहिला असेल तर तो लगेच पुसून जातो. दहा-पंधरा मिनिटं उलटली असतील तर त्याच जागी ताज्या कोटिंगचा हलका हात फिरवून लगेच पुसा, खालचं मऊ होऊन निघतं. दुसऱ्या दिवशी दिसला तर मशीन आणि पॉलिशशिवाय इलाज नाही, आणि मग तेवढा भाग नव्याने कोट करावा लागतो. दुसरा थर द्यायचा असेल तर बाटलीवर दिलेल्या अंतराने द्या. पहिला थर नीट पसरला असेल तर तोही पुरे. पुढच्या काचेवर बॉडीचं कोटिंग लावू नका. पावसात वायपर उड्या मारत फिरतात आणि समोरचं दिसत नाही. काचेसाठी वेगळं कोटिंग मिळतं.

पहिले २४ तास पाण्याचा थेंब नको, आठवडाभर शाम्पू नको. गाडी पुसणाऱ्या दादांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ओलं फडकं फिरलेलं असेल. या काळात पाऊस लागलाच तर घरी आल्याबरोबर मऊ कपड्याने पाणी टिपून घ्या.

त्यानंतरचा शत्रू

कोटिंग केलेल्या गाडीला पावसापेक्षा थेंबाचं भय जास्त. पाणी गोल, उंच थेंब धरून उभं राहतं. सरीनंतर ऊन पडलं की तो थेंब आटतो आणि त्यातला चुना किंवा धूळ कडेला गोल पांढरी रिंग होऊन बसते. पावसाचं पाणी मुळात मऊ असतं, त्याचे डाग मुख्यतः वर बसलेल्या धुळीचे. खरा त्रास बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचा. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) पाणी ५० पीपीएमच्या आत असेल तर रिंगा सहसा पडत नाहीत. बोअरचं पाणी कितीतरी वर जातं. शेवटची धार आरओच्या चांगल्या पाण्याची किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची द्या. चार-सहा पावसांनी छत धुऊन निघालं की पागोळीचं पाणी यासाठी फार चांगलं. उन्हात गाडी धुवू नका, आणि धुतल्यावर जाड लवीच्या टॉवेलने लगेच टिपा. आरसे, हँडल आणि डिकीच्या फटीतलं पाणी ब्लोअरने काढा, नाहीतर अर्ध्या तासाने ओघळ दिसतात.

रिंगा पडल्याच तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात घ्या, कपडा भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. ताजा चुना त्यात विरघळतो. नखाला खड्डा लागत असेल तर तो डाग खाली उतरला आहे, तो पॉलिशनेच जाईल. कावळे-कबुतरांची विष्ठा, जांभळाखाली वटवाघळांनी टाकलेला राडा, आंब्याचा चीक, हे त्याच दिवशी काढा: ओला कपडा पाच मिनिटं वर ठेवून, न घासता. कोटिंग असलं तरी मेच्या उन्हात या गोष्टी खाली उतरतात, फक्त थोडा जास्त वेळ मिळतो. पावसाळ्यात गाडीवर ओलं कव्हर घालू नका. वाऱ्याने ते धुळीसकट घासत राहतं आणि आतली वाफ डाग पाडते. समुद्राजवळ गाडी उभी असेल तर आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने खारटपणा उतरवा, खालच्या बाजूनेही.

सहा-आठ महिन्यांनी पाणी थेंब धरेनासं झालं की ‘कोटिंग उडालं’ असं सांगणारे भेटतील आणि नवं लावून द्यायला तयारही असतील. घाई करू नका. पाऊस संपला की काजळी, लोखंडकण आणि चुन्याचा पातळ थर कोटिंगवर बसलेला असतो आणि खालचं कोटिंग बऱ्याचदा शाबूत असतं. आधी लोखंडकण काढणारं द्रावण, मग कोटिंगसाठी मिळणारा आम्लयुक्त शाम्पू, दोन्ही सावलीत. धुऊन झाल्यावर पाण्याची बारीक धार सोडा. बोनेटवर आणि दारांवर थेंब परत उभे राहिले तर कोटिंग जिवंत आहे, वर सिलिकायुक्त स्प्रेचा एक हात द्या आणि दर तीन महिन्यांनी तो देत राहा. फक्त टपावर आणि बोनेटवर पाणी पसरत असेल तर तेवढेच दोन भाग पॉलिश करून नव्याने कोट करा. ऊन त्यांनीच सर्वांत जास्त खाल्लेलं असतं.