वेगळा वेल, 80 टक्के उंची आणि डेंगळे: जनुके व परिस्थितीचा हिशेब मांडताना या चुका टाळा

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि नाशिकमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी पंचवीसहून अधिक वर्षे जीवशास्त्र शिकवले. सजीवांमधील फरक जनुकांमुळे पडतो की परिस्थितीमुळे, या प्रश्नावर दोन्हीकडे त्याच त्या चुका होताना मी पाहत आले आहे. वहीतली चूक लाल शाईने सुधारते. बागेतल्या चुकीला दोन हंगाम आणि कलमांचा खर्च लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वेगळा दिसला तो वेल वेगळ्या वाणाचा समजणे. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षवाणाची बाग काड्यांपासून वाढवलेली असते, त्यामुळे खुंटाच्या, म्हणजे ज्या मुळाकडच्या झाडावर काडी भरून कलम करतात त्याच्या, वरचा भाग तरी सगळ्या वेलांचा जवळजवळ एकच असतो. असे असताना एका फेब्रुवारीत पुतण्या हातात घड घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, हा वेल वेगळाच निघालाय. याच्याच काड्या भरू." मी व्हर्नियर या मापकाने वीस मण्यांची जाडी मोजली. बहुतेक 20 मिलिमीटरच्या आसपास भरले, तर शेजारच्या वेलाचे 17. मीही हुरळले. हुरळण्यासारखे कारणही होते: तास-ए-गणेश हा वाण थॉमसनमध्येच झालेल्या उत्परिवर्तनातून तासगाव भागात निवडला गेला, आणि लांब मण्यांची सोनाकाही थॉमसनमधूनच आली. आपल्या बागेतही असे काही निघावे, असे कोणाला वाटणार नाही?

एक हंगाम थांबून पाहू, असे मी सुचवले खरे, पण ते त्याला वयाचे बोलणे वाटले. सप्टेंबरमध्ये त्याने डॉगरिज जातीच्या दीडशे खुंटांवर त्या वेलाच्या काड्या भरून घेतल्या. पहिला माल आला तेव्हा मणी 17 मिलिमीटरचेच होते. मग मूळ वेलाजवळची माती उकरली, तेव्हा ठिबकची नळी तिथे चिरलेली सापडली. ओळीच्या टोकाला असल्यामुळे शेणखताचा ढीगही वर्षानुवर्षे त्याच्याच मुळाशी पडत आला होता. शिवाय त्या वेलावर घड इतरांच्या निम्मेच होते. घड कमी असले की उरलेल्या घडांचे मणी फुगतात, हे विरळणीला येणाऱ्या बायकांनाही ठाऊक असते. मी मात्र त्या दिवशी मणी मोजले, घड मोजलेच नाहीत.

डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी घेवड्यावर नेमके हेच 1903 मध्ये दाखवले होते. स्वपरागणाने चालत आलेल्या एकाच शुद्ध वंशातील मोठे दाणे आणि लहान दाणे त्यांनी वेगवेगळे पेरले, तरी दोन्हींच्या संततीतील दाण्यांची सरासरी सारखीच आली, कारण त्या वंशातला लहानमोठेपणा जमिनीने, पाण्याने आणि शेंगेतल्या जागेने घडवलेला होता. जीन, जीनोटाइप (जनुकांची घडण) आणि फीनोटाइप (दिसणारे रूप) हे शब्दही त्यांनीच 1909 मध्ये दिले. हे सारे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. कोणी खास वेल दाखवला, की त्याची आणि शेजारच्या साध्या वेलाची काडी एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हातून, एकाच ओळीत एकाआड एक भरून घ्यायची. खुंट सारखाच हवा, कारण वरच्या काडीच्या दृष्टीने खुंट हीसुद्धा परिस्थितीच असते. बांधाकडची ओळ मोजणीत धरायची नाही. दोन हंगामांचा माल पाहिल्याखेरीज वाणाला नवे नाव द्यायचे नाही, आणि ज्याला तेवढा दम नाही त्याने रोपवाटिकेतून प्रमाणित कलमे आणावीत.

दुसरी चूक वहीतली आहे आणि तिचा मला विशेष राग आहे. "उंची 80 टक्के आनुवंशिक असते" हे वाक्य कुठेतरी वाचून मुलगा लिहितो, की माझ्या 170 सेंटिमीटरपैकी 136 जनुकांनी दिले आणि 34 खाण्यापिण्याने. पोषण बरे असलेल्या समाजांत जो सुमारे 80 टक्क्यांचा आकडा निघतो, तो माणसामाणसांतील फरकांचा असतो; एका माणसाच्या उंचीची वाटणी त्यातून होत नाही. जिथे निम्मी मुले अर्धपोटी असतील तिथे तो आकडा बदलतो. हे पटत नसेल तर आमच्या बागेचा विचार करावा. सारे वेल एकच असल्यामुळे तिथे मण्यांच्या आकारातील फरकाची आनुवंशिकता शून्याजवळ येईल, म्हणून मण्याचा आकार जनुकांवाचून ठरतो असे होत नाही. त्याच ओळींत सोनाका आणि शरद सीडलेस मिसळून लावली, तर मातीचा एक कणही न बदलता आकडा वर चढेल.

संकरित टोमॅटोचे बी धरून पुढच्या वर्षी तसेच फळ मागू नये. दुसऱ्या पिढीत गुण फुटतात, म्हणजे झाडागणिक वेगवेगळे होतात. जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकाच्या, द्रावणात घड बुडवून फुगवलेला मणी काडीतून पुढे जात नाही. आनुवंशिक म्हणजे अटळ, असेही समजू नये: फिनाइलकीटोन्यूरिया हा विकार जनुकीय आहे, तरी जन्मल्यावर लगेच ओळखून प्रथिनांतल्या फिनाइलअॅलनिन या घटकावर मर्यादा ठेवणारा आहार दिला, तर मेंदूची हानी बहुतांशी टळते.

उरला कांदा, ज्यावरून आमच्याकडे दरवर्षी भांडणे होतात. डेंगळे, म्हणजे कांद्याला फुलांचे दांडे, आले, की शेतकरी बियाण्याला दोष देतो आणि दुकानदार थंडीला, जणू दोन्हींपैकी एकच खरे असू शकते. एन-53 हा खरिपाचा वाण रब्बीत लावला तर डेंगळे भरपूर येतात, एन-2-4-1 हा रब्बीचा वाण त्याच थंडीत बऱ्यापैकी सावरतो. म्हणजे थंडी सगळ्यांना सारखी पडली तरी प्रत्येक वाण तिला आपापल्या परीने उत्तर देतो. त्यात रोपाचे वय मिसळते, कारण रोप पुरेसे जाड झाल्यावरच थंडी त्याला फुलोऱ्याकडे वळवते. म्हणून तक्रार घेऊन कोणी आले, की मी आधी वाण, रोपाचे वय आणि लागवडीची तारीख विचारते. गेल्या वेळी आमच्या दिरांनी एकाच पिशवीतले बी दोनदा टाकले होते. आधीची रोपे मजूर न मिळाल्यामुळे वाफ्यातच वय वाढून जून झाली, आणि दोन्ही वयांची रोपे एकाच आठवड्यात शेजारीशेजारी लावली गेली. जानेवारीत निफाडची थंडी उतरली आणि जून रोपांच्या वाफ्यांत डेंगळेच डेंगळे दिसू लागले, तर कोवळ्या रोपांच्या वाफ्यांत ते शोधावे लागत होते. दीर रिकामी पिशवी घेऊन दुकानदाराकडे निघाले होते. मी त्यांना आधी दोन्ही वाफ्यांतले डेंगळे मोजायला लावले.