ख्यालाचं रेकॉर्डिंग: चढउतार सपाट करणाऱ्या या चुका टाळा

विलंबित सुरू होताना खर्जातला स्वर जेमतेम ऐकू येतो, आणि द्रुतात तार षड्जावरून तान कोसळते. या दोन टोकांमधलं अंतर म्हणजेच गाणं. रेकॉर्डिंगमध्ये पहिला घाव त्यावरच बसतो.

सगळ्यात घातक म्हणजे रेकॉर्डरचं ऑटो लेव्हल, आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय. गायक श्वासासाठी थांबला की यंत्र गेन (माइकचा आवाज किती चढवायचा ते) वाढवतं आणि तानपुरा फुगून वर येतो. समेवर तबल्याची थाप पडली की सगळंच दबतं. तानपुऱ्याचा हा झोका नंतर कशानेही नीट निघत नाही. मेनूत जाऊन ऑटो लेव्हल बंद करा, मोठा आवाज आपोआप दाबणारा लिमिटरही.

दुसरी चूक साउंडचेकवर भिस्त ठेवण्याची. तेव्हा गायक दोन ओळी गुणगुणतो आणि आपण त्यावर गेन लावून मोकळे होतो. त्यांना तार सप्तकातली एक जोरकस तान घ्यायला सांगा, तबलजींना पूर्ण ताकदीची तिहाई वाजवायला सांगा. सर्वांत मोठं पीक, म्हणजे आवाजाचं शिखर, मीटरवर उणे १२ डेसिबलवर यायला हवं. मग आलापात मीटर कितीही खाली दिसो, नॉबला हात लावायचा नाही. २४ बिटमध्ये १२ डेसिबल मोकळे सोडले तर जेमतेम २ बिट जातात. उरलेले २२ सभागृहातल्या पंख्यांच्या घरघरीलाही पुरून उरतात. फाइलमध्ये आवाज फाटू न देणाऱ्या ३२ बिट फ्लोटवर विसंबलात तरी तबल्याच्या दायाँजवळचा माइक स्वतःच फाटू शकतो, आणि तो फाटलेला आवाज फाइलमध्ये जसाच्या तसा उतरतो.

माइक तोंडाशी नको. १० सेंटिमीटरवरून गायक तेवढाच मागे सरकला तर आवाज सुमारे ६ डेसिबल पडतो. तोच माइक ६० सेंटिमीटरवर असेल तर फरक दीडच्याही आत राहतो, म्हणजे जे चढउतार टिपले जातात ते गळ्याचे, मानेचे नव्हेत. लाउडस्पीकर नसलेल्या बैठकीत दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारे) माइक १७ सेंटिमीटर अंतराने, ११० अंशांत, समोर दीड-दोन मीटरवर लावावेत. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज (फीड) घेत असाल तर आधी विचारा, त्यावर चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर आहे का.

शेवटी, फाइल ‘दणदणीत’ करण्याचा मोह. यूट्यूब उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) वरचं गाणं आपणहून खाली आणतं, म्हणजे चढउतार चिरडून हाती काहीच लागत नाही. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं सर्वोच्च शिखर, उणे १ डेसिबलवर ठेवा. एखादी थाप फारच टोचत असेल तर तेवढ्याच जागी फेडर २ डेसिबल खाली घ्या. मग व्हॉल्यूम न हलवता आधी आलाप, लगेच द्रुत ऐका: आलापासाठी कान टवकारावे लागले, तर ते बरोबर आहे.