ओव्हरराइड केलेली मेथड कॉलच होत नाहीये? आधी पॅरेंट क्लास उघडून बघा

पॅरेंट क्लासची मेथड चाइल्ड क्लासमधे (म्हणजे पॅरेंटवरून बनवलेल्या क्लासमधे) बदलून परत लिहिली, म्हणजे ओव्हरराइड केली, एरर पण नाही, तरी आउटपुट जुनंच येतंय, असं होत असेल तर ती मेथड पॅरेंटमधे प्रायव्हेट (म्हणजे फक्त त्याच क्लासच्या आत वापरता येणारी) तर नाहीये ना ते बघा. माझा अख्खा दिवस यात गेलाय म्हणून सांगतोय. खालचं सगळं जावाचं आहे, बाकी लँग्वेजचं शेवटी थोडंसं.

माझ्याकडे रिपोर्ट नावाचा क्लास होता, त्यात छापा() ही पब्लिक मेथड आणि ती आतून शीर्षक() ही प्रायव्हेट मेथड कॉल करायची. मी चाइल्डमधे शीर्षक() नव्याने लिहिली, पब्लिक केली, चाइल्डच्या ऑब्जेक्टवर छापा() कॉल केली, तर शीर्षक जुनंच. कारण प्रायव्हेट मेथड इनहेरिटच होत नाही, चाइल्डला ती माहीतच नसते, त्यामुळे मी लिहिली ती नुसती सेम नावाची वेगळी मेथड झाली आणि छापा() आपली पॅरेंटमधलीच बोलवत राहिली. कंपायलरच्या मते यात चूक काहीच नाही, म्हणून तो गप्प.

उपाय सोपा आहे, चाइल्डमधल्या मेथडच्या डोक्यावर @ओव्हरराइड (कोडमधे @Override) लिहायचं. जावा 5 पासून (म्हणजे 2004) ही सोय आहे तरी लोक आळस करतात. ते लिहिलं की कंपायलर लगेच सांगतो, वरती ओव्हरराइड करण्यासारखी मेथडच नाही. मग पॅरेंट आपल्या हातात असेल तर तिथे प्रायव्हेटचं प्रोटेक्टेड (म्हणजे चाइल्डलाही दिसेल असं) करायचं, झालं.

हीच गंमत डिफॉल्टची. पुढे काहीच लिहिलं नाही म्हणजे पब्लिक असं बऱ्याच जणांना वाटतं, पण क्लासमधे तसं नसतं, ती मेथड फक्त त्याच पॅकेजपुरती दिसते. चाइल्ड दुसऱ्या पॅकेजमधे असला की ओव्हरराइड होत नाही, परत तोच शांतपणे होणारा घोळ.

आता उलट बाजू. पॅरेंटमधे पब्लिक असलेली मेथड चाइल्डमधे प्रोटेक्टेड केली तर कंपायलर 'वीकर अ‍ॅक्सेस' म्हणून अडवतो. क्रम असा: प्रायव्हेट सगळ्यात बंद, मग डिफॉल्ट, मग प्रोटेक्टेड, मग पब्लिक, आणि ओव्हरराइड करताना जास्त उघडं करता येतं, झाकता येत नाही. का, तर पॅरेंट टाइपच्या व्हेरिएबलमधे चाइल्डचा ऑब्जेक्ट असू शकतो, कॉल करणाऱ्याला पब्लिक मेथड मिळणार असं सांगून ठेवलंय आणि चाइल्डने मधेच दार लावून घेतलं तर तो कॉल जाणार कुठे? उघडं करायचं उदाहरण म्हणजे ऑब्जेक्ट क्लासची क्लोन(), ती मुळात प्रोटेक्टेड आहे, आपण ओव्हरराइड करताना पब्लिक करतो.

इंटरफेसमधे (म्हणजे क्लासने कुठल्या मेथड द्यायच्याच त्याची यादी) नवीन पोरं हमखास अडकतात. तिथे पुढे काही न लिहिलेली मेथड पब्लिकच धरली जाते, मग क्लासमधे इम्प्लिमेंट करताना पब्लिक लिहायचं राहिलं की ती डिफॉल्ट होते आणि वरचाच 'वीकर अ‍ॅक्सेस'चा एरर येतो.

प्रोटेक्टेड म्हणजे फक्त चाइल्डला दिसतं हे पण अर्धंच खरं, त्या पॅकेजमधल्या सगळ्याच क्लासना दिसतं. आणि चाइल्ड दुसऱ्या पॅकेजमधे असेल तर सुपर वापरून किंवा स्वतःच्या टाइपच्या ऑब्जेक्टवरच कॉल चालतो, हातात पॅरेंट टाइपचं व्हेरिएबल घेऊन केला तर नाही चालत.

स्टॅटिक मेथड (जी ऑब्जेक्टची नसून क्लासची असते) ओव्हरराइड होत नाही, चाइल्डमधल्या सेम नावाच्या मेथडने नुसती झाकली जाते. मेथड फायनल असेल तर विषयच संपला, ती ओव्हरराइड करताच येत नाही.

मग ठरवायचं कसं? मी सगळं प्रायव्हेटने सुरू करतो आणि चाइल्डला खरंच बदलायची गरज पडली तरच प्रोटेक्टेड करतो, कारण नंतर उघडणं सोपं असतं पण एकदा पब्लिक केलेली मेथड कोण कोण वापरतंय ते शोधत बसणं म्हणजे डोक्याला ताप. फक्त प्रोटेक्टेड केल्यावर ती पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरमधून कॉल होत नाहीये ना बघा, तेव्हा चाइल्डच्या फील्डमधे अजून व्हॅल्यू भरलेल्या नसतात आणि नल हातात येतो.

सी शार्पमधे काही नाही लिहिलं तर मेथड प्रायव्हेट असते, सी प्लस प्लसमधे व्हर्च्युअल (म्हणजे ओव्हरराइड करता येणारी) मेथड प्रायव्हेट असली तरी ओव्हरराइड होते (हो, खरंच), आणि पायथनमधे कुलूपच नाही, दोन अंडरस्कोर लावले की नावापुढे क्लासचं नाव जोडलं जातं एवढंच.