लहान मुलांवर रिसर्च करताय? आधी खाली बसा
इंदूरला मराठी घरांतल्या मुलांशी बोलायचं असेल तर प्रश्नावली बाजूला ठेवा. आईवडिलांची सही घेतली तरी मुलालाही विचाराच, "बोलशील का? कंटाळा आला तर थांबू", कारण संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम १२ मुलाच्या मताला वजन द्या म्हणतं आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारलाय. मग कागद-खडू देऊन घर ते शाळा नकाशा काढायला सांगा आणि काढताना मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, हिंदी मिसळली तरी सुधारू नका प्लीज. एका सात वर्षांच्या मुलीने राजवाडा इवलासा काढला नि गल्लीतलं कुत्रं पानभर, विचारलं तर म्हणे "ते रोज मागे लागतं ना". आजी मधेच उत्तर देत असेल तर तेही टिपा.