शेवंतीला द्राक्षाचं पंचांग लावू नका: छाटणीतल्या या चुका टाळा

नाशिककराच्या डोक्यात छाटणीचं एकच पंचांग असतं, द्राक्षाचं. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. मीही तेच गच्चीवरच्या शेवंतीला लावलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळे शेंडे सपासप कापले. दिवाळीला निफाडचे मामा आले, कुंड्यांकडे बघून म्हणाले, "अरे, कळ्याच छाटल्यास की!" त्या वर्षी तोरणाची फुलं गणेशवाडीतून विकत आणली.

वेल छाटली की नव्या फुटीवर घड येतो. शेवंती मात्र रात्र मोजते. पावसाळा सरता सरता रात्री मोठ्या होतात, तशी ती शेंड्यातच कळी धरते. तेव्हा शेंडा गेला की फूलही गेलं.

म्हणून खुडणी, म्हणजे शेंडा मोडणं, आधीच उरकायची. रोप लावून साधारण ४ आठवडे झाले, उंची १०-१५ सेंमी झाली, की पहिली. त्यानंतर २-३ आठवड्यांनी, बाजूच्या फांद्या बोटभर वाढल्यावर, दुसरी. जुलै संपला की हात आवरा. ऑगस्टचा पहिला आठवडा फार तर चालेल.

कात्री इथे लागतच नाही. वरची दोन-तीन कोवळी पानं धरून शेंडा नखाने मोडा. टचकन तुटला तर जागा बरोबर. दाबावं लागलं, सालीचा धागा लोंबला, तर तुम्ही निबर भागात उतरलात. थोडं वर या. 'एवढा छान शेंडा कशाला मोडायचा' म्हणून तो राखणारेही असतात. मग एकच काठी उंच वाढते आणि पावसाच्या सरीत लोळते. शेंडा असेतो खालचे डोळे झोपलेले राहतात.

खुडणी वेळेवर झाली, पाला हिरवागार आहे, तरी नोव्हेंबरात कळीचा पत्ता नाही? मग रात्री गच्चीवर जाऊन बघा. आमच्या एका कुंडीवर सोसायटीचा दिवा रात्रभर पडायचा. झाडाला रात्र झालीच नाही! कुंडी टाकीमागे सरकवली, तेव्हा कुठे कळ्या दिसल्या, तेही उशिरा.

कळ्या विरळ करण्याचा सल्ला सरसकट पाळू नका. मोठ्या फुलाच्या जातीत फांदीवर मधली एक कळी ठेवून बाजूच्या काढणं ठीक. पण झिपरी, रेवडी अशी हारा-वेणीची शेवंती असेल तर एकही कळी काढू नका. तिथे संख्याच हवी.

बहर संपल्यावर बहुतेक लोक झाड उपटून फेकतात. मला ही सगळ्यात वाईट चूक वाटते. वाळलेल्या फांद्या मातीपासून १०-१५ सेंमीवर कापा. बुडाशी काश्या, म्हणजे नवे कोंब, फुटतात, पुढच्या वर्षाची रोपं तीच. उन्हाळाभर त्यांना अर्धी सावली द्या, जूनमध्ये मुळासकट सुट्या करून लावा. मधला जुना गड्डा मात्र टाकून द्या, त्याला फूल बारीक येतं.

या कापणीला कात्री लागते. ती मळ्यातून मागून आणलेली असेल तर आधी स्पिरिटने पुसून घ्या.